लुबनाचं पाकीट-मशीन आणि माझी बारी

टिक्.

जूनचा दुसरा आठवडा, दुपारचे दोन. या वेळेला अकोल्यात आवाज करायची हिंमत कोणी करत नाही. कुत्री नालीत पडलेली असतात, माणसं कूलरपुढे. आमचा कूलर मात्र कालपासून गप्प आहे, कारण नळ येऊन आज सहावा दिवस. रेवा, म्हणजे माझी पाच वर्षांची लेक, फरशीवर ओला पंचा अंथरून झोपली आहे. मी उठून जाऊ नये म्हणून झोपेतही एक पाय माझ्या मांडीवर टाकून ठेवलाय. हाच एवढा तास माझा. याच तासात मी वहीत लिहिते. बाकीचे तास घराचे.

आणि या शांततेत भिंतीपलीकडून येतं, टिक्. मग दोन श्वासांनी पुन्हा, टिक्.

प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड तापवून बंद करायच्या मशीनचा हा आवाज. मशीन लुबनाचं. भिंत दोघींची. कान मात्र एकटा माझा. मला कोणी विचारलं, की आकांक्षा, तू लुबनावर जळतेस का, तर मी स्पष्ट सांगेन, की मुळीच नाही. मी फक्त भिंतीला स्टीलचा पेला लावून ऐकते. मागच्या आठवड्यात पेला लावला तेव्हा तो उन्हानं इतका तापलेला होता, की कानाच्या पाळीला फोड आला. नितेशना सांगितलं, कानातलं रुतलं. (नितेश म्हणजे माझे मिस्टर. नाव वहीत घेते, घरात नाही.)

लुबना आणि मी एकाच वर्षी या गल्लीत सुना म्हणून आलो. तिला अलीझा झाली आणि वीस दिवसांनी मला रेवा. आमच्या दोन घरांमध्ये एका विटेची भिंत आहे, आणि तिच्यावर आमची सगळी भाषा चालायची. एक थाप म्हणजे चहा ठेवलाय, ये. दोन म्हणजे कोथिंबीर आहे का. तीन म्हणजे पोरगी आवरत नाही, दहा मिनिटं धर. पाच वर्षांत त्या भिंतीचा आमच्या हाताच्या उंचीवरचा चुना उडून गेला.

आता तिथे पेल्याचा गोल डाग आहे.

सुरुवात माणिकबाईंनी केली. माणिकबाई गल्लीच्या टोकाला राहतात आणि वर्तमानपत्र आमच्या घरी येऊन वाचतात, कारण त्यांच्या मते विकतचा पेपर म्हणजे उधळपट्टी. त्या दिवशी चौथ्या पानावर बोट ठेवून त्या ओरडल्या,

"बाप्पा! ही तं आपली लुबना!"

खरंच होती. हातात शेवयांचं पाकीट, शेजारी मशीन, आणि मथळा, ‘गृहिणीची स्टार्टअप भरारी’. बातमी नेमकी बाजारभावांच्या वर छापलेली. म्हणजे जिल्ह्यातल्या ज्याला ज्याला तुरीचा भाव पाहायचा होता, त्याला आधी लुबना पाहावी लागली.

"आपल्या गल्लीचं नाव निंघालं वं," माणिकबाई म्हणाल्या. "तुहं काहीच नाही का? तू तं बीएस्सी आहेस."

हे वाक्य त्या सहज बोलल्या. सहज बोललेली वाक्यंच आतपर्यंत जातात. मी बीएस्सी आहे, अमरावतीहून, फर्स्ट क्लास. लुबना बारावी. शेवया तिच्या सासूबाई, खातूनबी, तीस वर्षांपासून करतात. साजिदभाईंचं पॅकिंग मटेरियलचं दुकान. त्यांनी एक जुनं मशीन घरी आणून टाकलं, रमजान तोंडावर होता, लुबनानं शेवया पाकिटात घातल्या आणि वर नावाची चिठ्ठी डकवली. यात स्टार्टअप काय आणि भरारी कशाची, हे मी नितेशना त्या रात्री जेवताना चार वेळा विचारलं.

नितेश एका कृषी केंद्रात काम करतात. गेल्या हंगामात कापसावर बोंडअळी पडली तेव्हापासून त्यांच्या दुकानात फक्त माशा येतात, त्यामुळे त्यांना दिवसभर मोबाइलवर व्हिडिओ पाहायला वेळ असतो. स्टार्टअप या विषयावर त्यांच्याइतकं ज्ञान आमच्या डाबकी रोडला कोणाकडे नसेल.

"हे पाय, वस्तू जुनी असली तरी चालते," ते म्हणाले. "बिझनेस मॉडेल नवं पाह्यजे. कोनाले विकता, कसं विकता, तो पैसे कायचे देते, यातच सारी गंमत. आन सगळ्यात आधी ग्राहकाची वेदना शोधाची."

"लुबनानं कोणाची वेदना शोधली?"

"ते मले का माहीत? तू आपली शोध ना."

शोधली. वही-पेन घेऊन मी गल्लीत निघाले आणि दारोदार विचारलं, की तुमची वेदना काय. कोणी विचारलंच नव्हतं इतक्या वर्षांत. माणिकबाईंनी दोन्ही गुडघे सांगितले, उजवा सविस्तर. मैनाबाईंनी जावई सांगितला. खातूनबी म्हणाल्या, "बेटा, वेदना तो बहुत है, तू बैठ पहले, पानी पी." तीन तासांनी मी घरी आले तेव्हा वहीत अकरा पानं भरली होती, आणि एकाही पानावर अशी वेदना नव्हती जी विकून मला पेपरात येता आलं असतं.

तशातच नितेशनी जाहिरात आणून दिली. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या नवउद्योजकांची स्पर्धा, जून महिन्यात, अमरावतीला. पहिलं बक्षीस, वर्षभर बिनभाड्याचा गाळा आणि वर्तमानपत्रात मुलाखत. गाळ्याचं मला विशेष काही नव्हतं. मुलाखत पहिल्या पानावर येते का, एवढंच मी विचारलं.

आणि मला सुचलं. पापड! पापड, कुरड्या, सगळं वाळवण, पण वर्षाचं एकदम नाही. पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्या मुलासुनांना दर महिन्याला ताजं पाकीट घरपोच. दूध येतं तसा पापड. मॉडेल! मी इतक्या जोरात उठले की रेवाच्या हातातला कप सांडला.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे वाळवण कोणी एकटी करत नाही. बारी असते. आज तुमच्याकडे लाटायचं तर सगळ्या जणी तुमच्या गच्चीवर, पोळपाट-लाटणं आपापलं घेऊन. उद्या माझ्याकडे, परवा तिच्याकडे. पैसे नाहीत, मजुरी नाही, लिहून ठेवणं नाही. पण कोणाची बारी कोणावर चढली आहे, हे गल्लीतल्या मांजरींनाही माहीत असतं. बाळंतपण चुकवलं तर माफ होतं, बारी चुकवलेली होत नाही.

तर माझी बारी मी लावली. उडीद-मुगाचं पीठ मळून तेल लावून कुटलेलं, आणि कुरड्यांसाठी तीन दिवस भिजवून वाटलेला गहू. बारा जणी आल्या. बारावी लुबना. तिचा रोजा होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री, पहाटेपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, आणि ही पोळपाट घेऊन हजर.

"तू काहून आली वं?" मी म्हटलं. खरं सांगते, निम्मी काळजी होती. निम्मं असं होतं, की आता हिचं कौतुक होणार.

"बारी आहे तं याचंच ना," ती म्हणाली आणि कोपऱ्यात बसली.

तिचं कौतुक झालंच. "रोज्यानं आली पोरगी!" असं प्रत्येक बाई आपल्या शेजारणीला सांगत होती, जणू शेजारण आंधळी आहे.

मग लाट्या फिरू लागल्या. ज्यांनी पापड केलेत त्यांना लाटी माहीत आहे. पापडाच्या पिठाची कच्ची गोळी, तेलात बुडवून तोंडात टाकायची. पापड लाटणारीनं लाटी खाऊ नये असा कायदा अजून झालेला नाही. एक पापड लाटायचा, एक लाटी खायची. मैनाबाई तर दोन खाऊन एक लाटत होत्या. त्यात गव्हाचा चीक शिजला. मोठ्या पातेल्यात रटरटणारा, पांढराशुभ्र, चकाकणारा चीक. त्याच्या कुरड्या पाडायच्या होत्या. पण वास सुटताच गल्लीतली सगळी पोट्टी वाट्या घेऊन जिन्यावर. कोणाला साखर-दूध घालून, कोणाला तेल-तिखट. माणिकबाईंनी स्वतः खाल्ला, मग डबा काढला. "आमच्या जावयाले लय आवडते." त्यांचा जावई धारणीला असतो. चीक गरम खायचा असतो आणि धारणीची जीप सकाळी एकच. पण मी काय बोलणार?

सोऱ्यात भरायला चीक घेतला तेव्हा पातेल्याला खरवड होती.

"होते वं असं," सगळ्या म्हणाल्या आणि बोटं चाटली. भल्ली मजा आली, असं एकमतानं ठरलं. मैनाबाईंची पुण्याची सून सुट्टीला आली होती. ती चिकाची वाटी हातात धरून चक्क रडली. म्हणाली, तिकडे सगळं मिळतं, हे नाही मिळत.

लुबना कोपऱ्यात लाटत होती आणि बघत होती. सगळ्यांची तोंडं चालू, तिचं एकटीचं रिकामं. निघताना जिन्यात ती मला म्हणाली,

"आकांक्षा, एक पाह्यलं का तू? पापड तं कोनाले नकोच हाय. सारे लाटी खाले येते."

घाव वर्मी बसला. माझं नुकसान झालं आणि ही मला ते मोजून दाखवते! मी म्हटलं, "तुझा रोजा होता म्हणून तुला दिसलं. आमचं खाण्यात लक्ष होतं." यात टोमणा कोणाला होता, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

उरलेले पापड गच्चीवर साडीवर पसरले. चार वाजता वावटळ आली. उन्हाळ्यातली वावटळ शेतातून निघते, रस्त्यावरचे कागद गोळा करते आणि नेमकी ज्याच्या गच्चीवर काही आहे त्याच्याकडे येते. मी आणि रेवा धावलो. साडीचं एक टोक तिनं धरलं, एक मी. साडी राहिली, पापड गेले. एकेक पापड उठत होता, कबुतरासारखा, आणि भिंतीवरून लुबनाच्या अंगणात. रेवा टाळ्या वाजवत होती. म्हणाली, "आई, आपले पापड लुबनाखालाकडे चालले!" मला तेव्हाच कळायला हवं होतं.

संध्याकाळी अलीझा आली. तिच्या हातात माझे पापड. पुसलेले, एकावर एक रचलेले, पारदर्शक पाकिटात, तोंड बंद, वर छोटी चिठ्ठी. माझ्या हातून जे ओबडधोबड पापड झाले होते तेच लुबनाच्या पाकिटात असे दिसत होते, की मीच विकत घेतले असते. मी ते पाकीट पालथं करून फडताळात ठेवलं.

मग अर्जाचं सत्र. या अर्जाचे कागद जे कार्यालय घेतं तिथे ओमप्रकाश नावाचे बाबू बसतात. ते गठ्ठ्यांना दोरी फार सुरेख बांधतात. बाकी कामाबद्दल मी बोलणार नाही.

"उत्पादनाची जागा?" त्यांनी विचारलं.

"गच्ची."

"मालकीची?"

"घरमालकाची. आणि आमच्या नि शेजारच्या गच्चीत फक्त हातभर कठडा आहे."

"मंग शेजारच्याइचं नाहरकत पाह्यजे. वीजपुरवठा?"

"वीज नाही लागत. ऊन लागतं."

ते थांबले. अर्जावर उन्हाचा रकाना नव्हता. त्यांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "लिहा, अखंडित." मग ‘ऊन ढगाळ दिवशी उपलब्ध नसल्यास पर्यायी व्यवस्था’ यावर अर्धा तास गेला. पर्यायी व्यवस्था म्हणून मी ‘वाट पाहणे’ लिहिलं. ते मंजूर झालं.

राहिलं नाहरकत. म्हणजे जिला मागे टाकून मला पुढे जायचं होतं, तिच्याच दारात मी कागद घेऊन उभी. खातूनबी दारात होत्या. "धूप तो सबकी है बेटा, उसकी क्या नाहरकत," म्हणाल्या. लुबनानं न वाचता सही केली. वर माझं पेनही चालेना म्हणून तिचं दिलं.

"मीबी अर्ज भरून राहिली," ती म्हणाली आणि एक कागद पुढे केला. "तुही सही लागते. वाच ना पहले. मले तुले एक सांगाचं होतं, त्या दिवशी गच्चीवर मी बसल्या बसल्या..."

"मला माहीत आहे सगळं," मी म्हटलं.

"अवं, वाच तं खरं!"

"तुझ्यावर विश्वास आहे," मी म्हटलं. काही वाक्यं अशा सुरात म्हणता येतात की त्यांचा अर्थ बरोबर उलटा होतो. बीएस्सीला हे शिकवत नाहीत, पण मला येतं. कठड्याचंच नाहरकत असणार असं धरून मी सही ठोकली आणि तरातरा घरी आले. पाठीमागे ती काहीतरी म्हणत होती. भिंतीवर एक थाप आली. चहाची. रोज्याच्या दिवसांत ती माझ्यासाठी चहा ठेवत होती! मी गेले नाही.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही एकाच एसटीत बसलो, कारण अमरावतीला त्या वेळेला तीच होती. एका सीटवर लुबना आणि अलीझा, पलीकडे मी आणि रेवा. पोरींनी मूर्तिजापूरपर्यंत जागा चार वेळा बदलल्या. नितेशनी मला शेवटची सूचना फोनवर दिली, "वेदना विसरू नको!"

विसरले नाही. स्टेजवर गेले आणि महिन्याच्या महिन्याला घरपोच पापड हे मॉडेल तीन मिनिटांत नीट मांडलं. परीक्षकांत पुण्याहून आलेल्या एक बाई होत्या, बारीक फ्रेमचा चष्मा, आवाज अगदी मऊ. त्यांनी पापड मोडून पाहिला.

"छान आहे. यात नवीन काय?"

"महिन्याच्या महिन्याला येतो."

"महिन्याच्या महिन्याला तर आमच्याकडे घंटागाडीवाल्याची पावतीही येते," त्या मऊपणे म्हणाल्या. हॉल हसला. "एक सांगा, तुम्ही पहिल्यांदा हे केलंत तेव्हा काय शिकलात?"

मी म्हटलं, "पापडावर वजन ठेवायला हवं." हॉल पुन्हा हसला. मी हे विनोदानं म्हटलं नव्हतं.

खाली आले तेव्हा रेवा माझ्या मांडीवर चढून बसली आणि माझ्या गालाला गाल लावला. इतक्या लहान अंगाला इतकं कसं कळतं?

मग लुबनाचं नाव पुकारलं. मी पदर सावरून ऐकू लागले. शेवया असणार, आणि ‘यात नवीन काय’ हा प्रश्न मऊ आवाजात तिलाही येणार. मला बरं वाटत होतं. वहीत खोटं लिहायचं नाही म्हणून लिहिते.

"मॅडम, शेवया साऱ्याच करतात," लुबनानं सुरुवात केली. "पापड बी साऱ्याच करतात. मी एका गच्चीवर पापड लाटाले गेलती. माहा रोजा होता. बाकी जनी लाटून राहिल्या होत्या, खाऊन राहिल्या होत्या, बोलून राहिल्या होत्या. मले खाता येत नव्हतं म्हनून मी पाहत होती. पापड घेऊन कोनी खुश नव्हतं. चीक खाऊन होते. पुण्याची एक सून तं रडली. मले वाटलं, आपन चुकीची चीज विकून राहिलो. पापड नाही विकाचा मॅडम. पापडाचा दिवस विकाचा."

मघाशी हसलेला हॉल आता पुढे वाकून ऐकू लागला. लुबना बोलतच होती.

"मे महिन्यात पोरी माहेरी येतात, लेकरं घेऊन. त्याइले गच्ची आमी देतो, पीठ देतो, शिकवाले आमच्या गल्लीच्या बाया देतो. दिवसभर लाटा, चीक खा, लाट्या खा, गप्पा मारा, आन आपल्या हातचा डबा भरून पुण्याले घेऊन जा. त्या डब्याचे नाही, त्या दिवसाचे पैसे. जे वाया जाते म्हनून आमी रडत होतो, तेच आमचा माल हाय."

पुण्याच्या बाईंनी चष्मा काढला. मी पाहिलं, त्यांचे डोळे ओले होते. माझा पापड मोडताना नव्हते.

माझी गच्ची! माझा चीक! माझी वावटळ सोडून सगळं हिनं उचललं! कानाच्या पाळीचा फोड ठणकायला लागला. आणि तेवढ्यात लुबना म्हणाली, "ही गच्ची माह्या मैत्रिणीची हाय. अर्जात पहिलं नाव तिचं, दुसरं माहं. आमी दोघी भागीदार."

मी न वाचलेला कागद तो होता.

अर्जांचे गठ्ठे घेऊन अकोल्याहून आलेले ओमप्रकाश कोपऱ्यातून उठले. दोरी सोडून त्यांनी दोन्ही गठ्ठे ताडून पाहिले होते. आयुष्यात एकदा त्यांनी कागद वाचले, ते त्या दिवशी.

"मॅडम, नियम सात. एका व्यक्तीचं नाव दोन अर्जांवर असलं तं दोन्ही बाद. नाहीतं आत्ताच्या आत्ता एक मागे घ्या लागते."

"मग सोपं आहे," पुण्याच्या बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तुमचा पापडाचा अर्ज मागे घ्या आणि वर या. तुमच्या दोघींचं मॉडेल फार..." आणि त्या थांबल्या, कारण निकाल आधी सांगायचा नसतो. पण सगळ्यांना कळलं होतं.

लुबना माझ्याकडे बघून हसत होती. भिंतीवर थाप मारल्यानंतर मी दारात दिसले की हसते तशी.

मला एवढंच करायचं होतं, की उठायचं. मांडीवर रेवा होती, तिला बाजूला करायचं आणि चार पायऱ्या चढायच्या. पण त्या चार पायऱ्यांवर मला पहिलं पान दिसलं, त्यावर दोघींचा फोटो, आणि खाली माणिकबाईंचं बोट. "बाप्पा! लुबनानं हिलेबी वर काढलं!"

"मी माझा अर्ज मागे घेणार नाही," मी म्हटलं. आवाज अगदी शुद्ध निघाला. "त्या कागदावर काय होतं ते मला माहीत नव्हतं. मी वाचला नव्हता."

लुबनाचं हसू लगेच गेलं नाही. ते जायला जरा वेळ लागला. तो वेळ मी पाहिला.

ओमप्रकाशांनी दोन्ही अर्ज एकावर एक ठेवले आणि एकाच दोरीत बांधले. गाठ फार सुरेख होती. पहिलं बक्षीस चांदूर रेल्वेच्या एका गांडूळखतवाल्या काकांना गेलं. गांडुळांना मैत्रिणी नसतात.

परतीच्या एसटीत पुन्हा समोरासमोरच्या सीटा. बडनेरा गेलं, सूर्य टेकला. लुबनानं पर्समधून खजुराची पुडी काढली. घड्याळ पाहिलं, ओठ हलले, एक खजूर मोडून अर्धा अलीझाला, अर्धा रेवाला दिला, दुसरा स्वतः खाल्ला आणि पाणी प्यायली. माझ्या पिशवीत चिवडा होता, नितेशनी बांधून दिलेला. मी पुडीला हात लावून बसले होते. अकोला येईपर्यंत हात तिथेच होता.

ती पूर्ण प्रवासात एकच वाक्य बोलली. "रेवाले खिडकीपाशी दे, तिले वळनावर उलटी होते."

घरी नितेशनी सगळं ऐकून घेतलं.

"मंग तुह्या पापडाले बक्षीस भेटत होतं का?"

"नाही."

"अर्ज मागे घेतला असता तं?"

"भेटत होतं. दोघींना."

त्यांनी मोबाइल उचलला, दोनदा बोट फिरवलं आणि पालथा ठेवला. व्हिडिओतही याचं उत्तर नव्हतं वाटतं. शेवटी म्हणाले, "जेऊन घे."

माणिकबाईंनी मात्र दुसऱ्या दिवशी येऊन वर्तमानपत्र उघडलं. गांडूळवाले काका पहिल्या पानावर होते, हातात गांडूळ. "तुमचं काय झालं वं मंग?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नियमात बसलं नाही. खोटं नव्हतं.

त्याला आज पाच दिवस झाले. भिंतीवर थाप नाही. मी दोनदा हात उचलला, पण एक मारायची की दोन की तीन, हे ठरेना. माफ कर, यासाठी आम्ही कधी थाप ठरवली नव्हती. लागलीच नव्हती.

टिक्.

ईद चार दिवसांवर आहे. पेल्यातून ऐकून मला आता सगळं कळतं. दरवर्षी आदल्या आठवड्यात तिच्याकडे शेवयांची बारी असते, सगळ्या जणी जातात. या वर्षीही काल-परवा सगळ्या जाऊन आल्या, मी सोडून. आज खातूनबींना बरं नाही, त्यांच्या खोकल्याचा आवाज आतल्या खोलीतून येतो. आवाज आहे तो एका माणसाचा. ती पाकीट भरते, तोंड जुळवते, दाबते. टिक्. एकटीनं करायला या कामाला दोन श्वास लागतात. दोघींनी केलं तर एकच लागेल.

फडताळ उघडं आहे आणि पालथं ठेवलेलं पाकीट सुलटं झालंय. रेवाचंच काम. पारदर्शक पिशवीत माझे पापड, वर चिठ्ठी. आज पहिल्यांदा ती वाचली. लुबनाच्या हातचं गोल अक्षर, ‘आकांक्षाचे पापड’.

मांडीवरचा पाय हलला. रेवा उठली. केस कपाळाला चिकटलेले, गालावर पंच्याची नक्षी उमटलेली. मी वही झाकली. तिनं ऐकलं, भिंतीकडे पाहिलं, मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिचं खेळण्यातलं पोळपाट-लाटणं काखेत मारून परत आली. दारात चपला घातल्या, उलट्या पायांत. आणि माझ्याकडे वळून उभी राहिली.

"आई, लुबनाखाला रोज्यानं आपल्या घरी लाटाले आलती ना?"

"हो गं."

"मंग आता बारी कोनाची हाय?"